बेस किती इंची? डीजे ठरवताना एवढंच विचारून भागत नाही

पोशीर : हळदीचा डीजे ठरवायला पोरं गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "बेस किती इंची?" समोरून "अठरा" आलं की सुपारी पक्की. कर्जत-नेरळ भागात दर लग्नसराईत हेच चालतं. पण नुसत्या इंचावर पैसे मोजले, तर अठरा इंचीसुद्धा पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाजू शकते.

इंचाला अर्थ आहेच. बेस म्हणजे जाड आवाज, साधारण 40 ते 100 हर्ट्झचा. म्हणजे स्पीकरचा कोन सेकंदाला 40 ते 100 वेळा पुढे-मागे होतो. आवाज जितका जाड, तितकी हवा जास्त ढकलावी लागते. 80 हर्ट्झवर येणारा दणका 40 वर तेवढाच हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. इथे मोठा कोन कामाला येतो. 15 आणि 18 मध्ये फरक तीनच इंचांचा दिसतो, पण क्षेत्रफळ जवळपास दीडपट होतं. दोन 12 इंची मिळूनही एका 18 ला थोडे कमीच पडतात. दोन 15 इंची मात्र त्याला मागे टाकतात.

पण कोन हलतो किती, हेही बघावं लागतं. सायकलच्या पंपाचं नळकांडं कितीही जाड असो, दांडा बोटभरच हलत असेल तर हवा किती जाणार? हलक्या स्पीकरची कॉईल जास्त ताणली की आवाज फाटतो, पुढे कॉईल जळते. नुसतं वॅट वाढवूनही फार हाती लागत नाही. दुप्पट वॅटला जेमतेम 3 डेसिबल वाढतात.

तिसरी गोष्ट पेटी. कोनाच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो, म्हणून उघड्या स्पीकरला बेस नसतो. चुकीच्या मापाच्या पेटीत महागडा स्पीकरही वाया.

आणि वायर! दोन पेट्यांपैकी एकीची प्लस-मायनस उलटी लागली, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि शेजारी ठेवलेल्या पेट्यांचा बेस गायब होतो. अॅम्प्लिफायरची वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून बघावा. प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत.

शेजाऱ्यांना त्रास होतो तोही बेसचाच. 40 हर्ट्झची एक लाट 28 फुटांच्या आसपास लांब असते. बारीक आवाज भिंत बराच अडवते, हा फारसा अडत नाही. दारं लावली तरी पत्रे थरथरतात, आजारी माणसाच्या छातीत धडधडतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. वस्तीतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दहाच्या आधीही जवळ तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर गाणं न थांबवता आधी बेस उतरवावा. घरात घुसणारा दणका त्यानेच सगळ्यात जास्त कमी होतो.