दहावीत पहिला डाव

टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ६८ किलो गटात पहिल्याच फेरीत दोन बलाढ्य मल्ल समोरासमोर आल्या. एक जपानची सारा दोशो, रिओतली सुवर्णविजेती, आणि आता तर घरच्या गादीवर उतरलेली. दुसरी अमेरिकेची तमायरा मेन्सा-स्टॉक. कुस्ती पूर्ण वेळ चाललीच नाही. तमायरानं १०-० अशी आघाडी घेतली आणि नियमानुसार पंचांनी लढत तिथेच संपवली. पुढच्या फेरीत चीनची झोऊ फेंगही १०-० अशीच हरली. मग युक्रेनच्या आला चेर्कासोवावर १०-४, आणि ३ ऑगस्ट २०२१ रोजी अंतिम फेरीत नायजेरियाच्या ब्लेसिंग ओबोरुदुदूवर ४-१. कुस्तीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती अमेरिकेची पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली.

हा पराक्रम मोठा आहेच, पण त्याच्यामागची गोष्ट अधिक थक्क करते. ही मुलगी दहावीत जाईपर्यंत कुस्ती खेळलीच नव्हती. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटी नावाचं गाव आहे. तिथल्या मॉर्टन रँच हायस्कूलमध्ये ती धावायची. जुळी बहीण कुस्तीच्या सरावाला जात होती, तिनं आग्रह केला म्हणून तमायराही गेली. आपल्याकडे ज्या वर्षी मुलांचे खेळाचे बूट माळ्यावर जातात, त्या वर्षी तिनं आयुष्यातला पहिला डाव शिकला. मग ती दोनदा टेक्सासची राज्य विजेती झाली आणि पहिल्या डावापासून सुमारे दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, जगज्जेती.

कुस्ती जवळून पाहिलेल्या माणसाला हे सहज पटणार नाही. कोल्हापुरात आठ-दहा वर्षांची पोरं वस्तादाच्या हवाली होतात, तालमीतच राहतात, पहाटे उठून जोर-बैठका मारतात. कुस्ती लहानपणीच अंगात मुरावी लागते, हा आपला पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. अमेरिकेतही बहुतेक मोठे मल्ल लहानपणापासूनचेच असतात. रिओमध्ये जपानच्या साओरी योशिदाला हरवून अमेरिकेला महिला कुस्तीतलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारी हेलन मरूलिस सातव्या वर्षी कुस्तीला लागली होती. मग जी मुलगी किंवा मुलगा पंधराव्या वर्षी येतो, तो ही सात-आठ वर्षांची तूट भरून काढतो तरी कशी?

पहिलं उत्तर शाळेच्या व्यवस्थेत दडलेलं आहे. अमेरिकेत हायस्कूलची कुस्ती हा सांघिक सामना असतो. साधारण चौदा वजनगट, प्रत्येक गटात प्रत्येक शाळेचा एक मल्ल. एखाद्या गटात तुमच्याकडे कुणीच नसेल, तर समोरच्या संघाला न लढता सहा गुण मिळतात, म्हणजे चीतपट कुस्तीला मिळतात तेवढेच. त्यामुळे रिकामा वजनगट ही प्रशिक्षकाची रात्रंदिवसाची चिंता असते. बास्केटबॉलच्या संघात बुटक्या किंवा अवजड मुलाला जागा मिळणं अवघड. इथे मात्र अगदी किरकोळ पोरगंही हवं असतं आणि १२९ किलोपर्यंतच्या शेवटच्या गटासाठी दांडगं पोरगंही. फुटबॉलचा हंगाम संपला की प्रशिक्षक वर्गांबाहेर, जेवणाच्या सुट्टीत, अशा मुलांना गाठतात आणि विचारतात, येतोस का? नवखा मुलगा बाकावर बसून राहत नाही. त्याच्या वजनात दुसरं कुणी नसेल, तर पहिल्याच हंगामात तो खऱ्या लढती लढतो, भरपूर हरतो आणि त्यातूनच भराभर शिकतो.

मुलींच्या बाबतीत हे दार आणखी उशिरा उघडलं. हवाई राज्यानं १९९८ मध्ये मुलींची स्वतंत्र राज्य स्पर्धा सुरू केली, त्यापाठोपाठ टेक्सासनं. या खेळात मुली नुकत्याच येऊ लागल्या होत्या, म्हणून लहानपणापासून तयार झालेल्या प्रतिस्पर्धीही थोड्याच होत्या. तमायरा दहावीत पोचली तेव्हा तिच्या राज्यात ही वाट तयार होऊन जेमतेम दशक झालं होतं. आधीच्या पिढीतल्या एखाद्या तितक्याच गुणी मुलीला हे वळण घ्यायला जागाच नव्हती.

दुसरं उत्तर शरीरात आहे, आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटतं. उशिरा येणारा मल्ल कोऱ्या शरीरानं येत नाही. पंधरा वर्षं ते शरीर काही ना काही करत आलेलं असतं, आणि त्यातलं किती काय कुस्तीत कामाला येईल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. याचं सर्वांत थरारक उदाहरण म्हणजे ॲरिझोनाचा अँथनी रोब्लेस. तो जन्मला तेव्हा त्याला उजवा पाय नव्हता. तिसऱ्या वर्षी त्यानं कृत्रिम पाय काढून टाकला आणि तेव्हापासून कुबड्यांवर फिरला, धावला, खेळला. चौदाव्या वर्षी तो कुस्तीत आला. वजन ९० पौंड, म्हणजे ४१ किलोच्या आत, आणि तेव्हा हायस्कूलचा सर्वांत हलका गट होता १०३ पौंडांचा. पहिल्या वर्षी मेसा शहराच्या स्पर्धेत तो सर्वांत शेवटी आला.

आता याच शरीराकडे कुस्तीच्या नजरेनं पाहा. वजनगट एकूण वजनावर ठरतो. ज्याला एक पाय नाही, त्याच्या वजनाचा अधिक मोठा वाटा धड, खांदे आणि दंड यांत असतो, त्यामुळे त्याच गटातल्या इतर मुलांपेक्षा त्याचं वरचं अंग कितीतरी भक्कम होऊ शकतं. वर्षानुवर्षं कुबड्यांवर चालून रोब्लेसच्या पंजात आणि मनगटात अफाट पकड आली होती. तो गादीला लागून, अगदी खाली राहून लढायचा, म्हणून समोरच्याला त्याच्या खाली शिरणं जमेना. आणि एकेरी पट काढायचा तर एका बाजूला धरायला पायच नाही! उभ्यानं तोल सांभाळणं त्याला इतरांपेक्षा अवघड होतं, हेही खरं. पण अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत जी कुस्ती चालते, तिला फोकस्टाइल म्हणतात, आणि तिच्यात खाली घेतलेल्या मल्लावर ताबा ठेवण्याला मोठं मोल आहे. रोब्लेस वर आला की त्या पकडीतून सुटणं भल्याभल्यांना जमत नसे. तो प्रतिस्पर्ध्याचं मनगट बांधून त्याला कलता करायचा आणि पाठ गादीकडे वळवून गुण घेत राहायचा.

हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यानं ९६ कुस्त्या लढल्या आणि ९६ जिंकल्या. पुढे ॲरिझोना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना २०११ चा पूर्ण हंगाम तो ३६-० असा अजिंक्य राहिला. फिलाडेल्फियातल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या १२५ पौंड गटात, अंतिम फेरीत त्याच्यासमोर आदल्या वर्षीचा विजेता, आयोवाचा मॅट मॅकडोना होता. रोब्लेसनं ती कुस्ती ७-१ अशी जिंकली आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट मल्लही तोच ठरला. कुबड्यांवर काढलेलं बालपण ही त्याची नकळत झालेली तालीम होती. त्या तालमीला कुस्तीचं नाव नव्हतं, एवढंच.

हे शारीरिक भांडवल उलट दिशेनंही चालतं. कॅलिफोर्नियाचा स्टीफन नील १९९९ च्या महाविद्यालयीन अंतिम फेरीत ब्रॉक लेस्नरला ३-२ असं हरवून विजेता झाला. हा तोच लेस्नर, जो पुढे टीव्हीवरच्या कुस्तीमुळे आपल्याकडच्या घराघरांत पोचला. त्याच वर्षी नील जगज्जेताही झाला. आणि मग, महाविद्यालयात एकदाही फुटबॉल न खेळलेला हा माणूस थेट व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये शिरला आणि सुपर बोल जिंकणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघात खेळला. समोरच्या अवजड देहाला कुठून उचलायचं, त्याचा तोल कधी जातो, स्वतःची कंबर किती खाली ठेवायची, हे त्याच्या शरीराला गादीवर कळलं होतं. मैदान बदललं, तरी ते ज्ञान पुसलं गेलं नाही.

आपल्या मातीतला दाखलाही इथे नेमका बसतो. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, लहानपणापासून मातीत लढलेले. पण १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्यासाठी जवळजवळ नवेच होते. त्या अर्थानं गादीवर तेही उशिराच उतरले, बाविसाव्या वर्षी. तिथे ते सहावे आले, आणि चारच वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीनं दिलेलं सगळं त्यांनी गादीवर आणलं.

तिसरं उत्तर वाढीच्या वयात आहे. मुलांची उंची सर्वांत वेगानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. ताकद मात्र उंचीच्या मागून येते. म्हणजे नववी-दहावीत कुस्तीला येणारा मुलगा नेमका त्या टप्प्यावर येतो, जिथे व्यायामाला स्नायूंचा प्रतिसाद झपाट्यानं वाढतो आणि हातापायांची लांबीही हळूहळू स्थिरावू लागते. शिवाय कुस्ती हा पूर्ण प्रौढ शरीराचा खेळ आहे. मोठे मल्ल पंचविशीत आणि त्यानंतरही बहरतात. तमायरानं टोकियोत सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २८ वर्षांची होती. शिखर इतकं पुढे असेल, तर पंधराव्या वर्षीही हातात दहा-बारा वर्षं उरतात.

आणि या सगळ्यावर संशोधनानंही अनपेक्षित उजेड टाकला आहे. जर्मनीचे आर्ने ग्युलिख आणि अमेरिकेतले ब्रूक मॅकनमारा व डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी निरनिराळ्या खेळांतले ५१ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ६,०९६ खेळाडू होते आणि त्यांतले ७७२ जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी. कुमार गटात चमकणारे खेळाडू अपेक्षेप्रमाणेच निघाले. त्यांनी आपला खेळ लवकर सुरू केला होता, त्याचा सराव जास्त केला होता आणि त्यांची प्रगतीही जलद होती. पण प्रौढ वयात जागतिक पातळी गाठणाऱ्यांची तुलना राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांशी केली, तर चित्र उलटं झालं. जागतिक पातळीवरच्यांनी आपला मुख्य खेळ तुलनेनं उशिरा सुरू केला होता, लहानपणी इतर खेळ अधिक खेळले होते, आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती!

असं का व्हावं? संशोधकांनी तीन शक्यता मांडल्या आहेत. अनेक खेळ खेळलेल्या मुलाला स्वतःला साजेसा खेळ सापडण्याची संधी जास्त मिळते. वेगवेगळ्या पद्धतीनं शिकून त्याची शिकण्याची क्षमताच वाढते. आणि एकाच खेळात बालपण जुंपलं न गेल्यामुळे दुखापती आणि कंटाळा यांनी तो लवकर संपत नाही. उशीर हे यशाचं रहस्य आहे, असा याचा अर्थ नाही. बालपण मोकळं आणि हालतं-खेळतं गेलेलं असेल, तर उशीर आड येत नाही, असा आहे.

हळू प्रगतीची साक्ष अमेरिकन कुस्तीचा इतिहासही देतो. न्यूयॉर्क राज्यातला जेफ ब्लॅटनिक हायस्कूलमध्ये दहावीत कुस्तीला लागला आणि १९७५ मध्ये, शाळा सोडता सोडता, राज्याचा विजेता झाला. पुढे त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. उपचार झाले, प्लीहा काढावी लागली. तरीही १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ग्रेको-रोमनच्या सर्वांत वजनदार गटात सुवर्ण जिंकलं. ब्रूस बाउमगार्टनरला तर शाळेत असताना न्यू जर्सीचं राज्य विजेतेपद एकदाही मिळालं नाही. तोच पुढे १९८४ ते १९९६ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये पदकं घेऊन आला, त्यांत दोन सुवर्ण. सतराव्या वर्षीच्या निकालावरून त्याचं पस्तिसावं वर्ष कुणाला दिसलं असतं?

तमायराची वाटही सरळ नव्हती. तिच्या हायस्कूलच्या काळात, तिच्या एका स्पर्धेहून घरी परतताना वडिलांचा अपघाती मृत्यू झाला. कुस्ती सोडून द्यावी असं तिला वाटलं होतं, पण ती टिकली. २०१६ ची अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणी तिनं जिंकली, मात्र त्या वजनगटात देशाला प्रवेशच मिळाला नाही आणि ती रिओत लढू शकली नाही. २०१८ मध्ये जागतिक कांस्य, २०१९ मध्ये सुवर्ण, मग टोकियो, आणि २०२२ मध्ये पुन्हा जागतिक सुवर्ण. उशिरा आलेल्यालाही वाट पाहावीच लागते. लवकर चमकण्याची सवय नसल्यामुळे तो ती कदाचित अधिक धीरानं पाहू शकत असेल.

म्हणून मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो तालमीतला वस्ताद असो, शाळेतले खेळाचे सर असोत की आईवडील, या गोष्टीत एक मोलाची जबाबदारी दिसायला हवी. दहावीतल्या मुलाला मैदानातून उठवू नये, आणि उशिरा आलेल्याला परत पाठवू नये. पहिल्या वर्षी तो हरेल, कदाचित शहरात शेवटचाही येईल. त्याला दुसरं वर्ष मिळालं पाहिजे. तेवढं मिळालं की त्या शरीरात आधीपासून काय साठलेलं आहे, ते दिसू लागतं.