ऑइल भरलेले, तरी ब्रेकचे पॅडल खाली

मोटारीचे ब्रेक पॅडल दाबल्यावर ते एका ठरावीक उंचीवर घट्ट थांबले पाहिजे आणि पायाचा दाब कायम असेपर्यंत तेथेच राहिले पाहिजे. तसे न होता ते हळूहळू खाली सरकू लागले, तर ब्रेकच्या बंद यंत्रणेतून द्रव कोठून तरी निसटत आहे असे समजावे. कोल्हापूर शहरातील सपाट रस्त्यांवर हा दोष बराच काळ लपून राहतो, कारण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पॅडल दोन बोटे खाली गेले तरी गाडी जागची हलत नाही. आंबा, करूळ किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरताना मात्र ब्रेकवर वारंवार आणि दीर्घकाळ पाय ठेवावा लागतो, आणि तेव्हा हाच दोष जिवावर बेतू शकतो.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या या ब्रेकचा पाया सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याच्या नियमात आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पायाने वीस किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या तरफेने तो चौपट केला, तर मास्टर सिलिंडरमधील, म्हणजे पॅडलमागे बसवलेल्या मुख्य दाबनळीतील दट्ट्यावर ऐंशी किलोचा जोर येतो; नळीचा व्यास 20 मिलिमीटर धरल्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 25 किलो इतका दाब निर्माण होतो, आणि इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरची जोड मिळाल्यावर तो आणखी वाढतो. एवढा दाब अडवून धरण्याचे काम दट्ट्यावरील रबरी सील करते. या सीलची पातळ कड झिजली, चिरली किंवा नळीच्या आतील पृष्ठभागाला गंजाचे खड्डे पडले, की दाबलेला द्रव कडेवरून मागे सरकून पुन्हा वरच्या टाकीत जातो. द्रव यंत्रणेबाहेर पडतच नसल्याने टाकीतील पातळी जशीच्या तशी राहते, जमिनीवर थेंबही पडत नाही, आणि बॉनेट उघडून पाहणारा मालक निर्धास्त होतो.

पॅडल खाली जाण्याची प्रत्येक तक्रार मात्र या सीलपाशी संपत नाही. पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा झटपट मारल्यावर वर येत असेल, तर नळ्यांत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले असेल, तर पॅडल खोल जाते, परंतु तेथे गेल्यावर स्थिर राहते. घाट उतरून आल्यावरच पॅडल पोकळ होत असेल, तर दोष बहुधा जुन्या ब्रेक ऑइलचा असतो. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, आणि गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट विसरता येत नाही. डॉट 3 प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर 140 अंशांचीच हमी उरते. तापलेल्या ब्रेकमध्ये अशा द्रवाची वाफ होते आणि वाफ सहज दबते.

निदानाची कसोटी साधी असली तरी ती घाईत उरकण्याजोगी नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून, इंजिन बंद ठेवावे, बूस्टरमधील निर्वात संपेपर्यंत पॅडल काही वेळा मारावे आणि मग एकसारखा दाब देऊन मिनिटभर धरावे. त्यानंतर दाब कायम ठेवून इंजिन सुरू करताच पॅडल किंचित खाली जाते, ते बूस्टर काम करीत असल्याचे लक्षण होय, दोष नव्हे. जोरात दाबल्यावर सीलची कड फुलून नळीला चिकटते आणि गळती तात्पुरती थांबते, हलक्या दाबाखाली मात्र तीच कड द्रव सोडते. म्हणून ही चाचणी हलक्या आणि भरपूर अशा दोन्ही दाबांनी करावी लागते. टाकीची पातळी घटत असेल, तर चाकांच्या आतील बाजू, रबरी होज आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला मिळतो ती जागा ओली आहे का ते पाहावे, कारण मागच्या सीलमधून झिरपलेला द्रव बूस्टरच्या पोटात साचतो आणि बाहेरून दिसत नाही. ब्रेक पॅड झिजल्यानेही पातळी हळूहळू उतरते, हे येथे लक्षात ठेवावे.

दुरुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरचे कौशल्यच कधी कधी आड येते. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग आणि टर्निंगची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि झिजलेला भाग फेकण्याऐवजी घासून, नवे किट घालून पुन्हा चालू करण्याकडे तेथील कारागिरांचा स्वाभाविक कल असतो. जुन्या बिडाच्या सिलिंडरला हा उपाय मर्यादित प्रमाणात मानवत असे. आजचे बहुतेक मास्टर सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे असून त्यांच्या नळीला आतून कठीण संरक्षक थर दिलेला असतो, आणि होनिंगमध्ये तो थर गेला की नवे सीलही लवकर झिजते. अशा वेळी पूर्ण सिलिंडर बदलणे हाच शहाणपणाचा खर्च ठरतो. नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी वाइसमध्ये धरून, द्रव भरून आणि दट्ट्या सावकाश दाबून त्यातील हवा काढावी लागते. त्यानंतर उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने चारही चाकांची हवा काढावी. केवळ हवा काढायची असली आणि सिलिंडर जुनाच असला, तर पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवणे इष्ट, कारण ते तळापर्यंत दाबल्यास सील नळीच्या एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटू शकते. टाकीत इंजिन ऑइल चुकून पडले तर यंत्रणेतील सगळी रबरे फुगतात आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

भारतात एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली असल्याने निदानात आणखी एक शक्यता वाढली आहे. या यंत्रणेतील दाब सोडणारी झडप कचऱ्यामुळे पूर्ण मिटली नाही, तर मास्टर सिलिंडर नवा असूनही पॅडल खाली सरकते, आणि त्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढण्यासाठी अनेक गाड्यांत संगणकी स्कॅनर जोडून झडपा उघडाव्या लागतात. म्हणून सिलिंडर बदलूनही तक्रार कायम राहिली, तर दुसरा सिलिंडर मागवण्याआधी अशी सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.