वल्हे दंडाने नव्हे, कमरेने मारा!

कयाक ही अरुंद, निमुळती होडी. आर्क्टिकमधील इनुइट लोकांनी ती शिकारीसाठी सीलच्या कातड्याची बनविली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ झाला. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती.

मुलामुलींना शिकविताना आम्ही नेहमी पाहतो, की वल्हे हाती येताच नवखा विद्यार्थी दंडाने पाणी ओढू लागतो. थोड्याच वेळात खांदे भरून येतात. वाचकहो, आपली आजी जात्यावर दळताना नुसते मनगट चालवीत नसे, सारे अंग फिरवीत असे. येथेही तेच! कंबर वळवून पाते पावलाजवळ पूर्ण बुडवायचे, अंग उलट फिरवीत मागे आणायचे आणि कमरेपाशी येताच बाहेर काढायचे. त्याच्याही मागे ओढत राहिले, तर होडीचे तोंडच फिरते.

दुसरा हात वळणाचा. उजवीकडे पाते पुढून मागे मोठ्या अर्धवर्तुळात फिरविले, की होडी डावीकडे वळते. तिसरा हात ओढीचा. पाते बाजूला लांब टाकून होडी त्याच्याकडे खेचायची. धक्क्याला लागताना तो कामी येतो. चौथा हात आधाराचा. होडी कलली, की पाते पाण्यावर आडवे दाबून कमरेने तोल सावरायचा.

पण या सर्वांआधी आम्ही लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात होडी पालथी करायला शिकवितो. पुढे वाकायचे, होडीतून बाहेर यायचे, होडी व वल्हे सोडायचे नाही. आमची एक विद्यार्थिनी पाण्याला फार भीत असे. एके दिवशी समोरून वारा सुटला. दंडाच्या जोरावर पुढे गेलेली मुले मध्येच थकली. तिने कंबर वळवीत, एकेक हात मोजीत काठ गाठला. काठावर उभ्या असलेल्या तिच्या आईने तेव्हा कुठे श्वास सोडला!

भोपाळच्या तलावावर सराव करणाऱ्या प्राची यादव यांचे उदाहरण मुलांना जरूर सांगा. पायांनी अपंग असूनही त्यांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

पालकांनो, मुलीला पाण्यापासून दूर ठेवून ती सुरक्षित होत नाही. तिला आधी पोहायला शिकवा, जॅकेट घाला, मग वल्हे हाती द्या.