दिवसा मोठ्या शाळेत, संध्याकाळी वस्तीत

जून महिना आला की आमच्या वस्त्यांत एकच विषय असतो. कुणाचा नंबर लागला, कुणाची फी भरली गेली, कुणाची पुस्तके राहिली. पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत नाव निघाले तर त्या घरात पेढे वाटले जातात. आमची माणसे झाडलोट करतात, बांधकामावर जातात, धुणीभांडी करतात, रिक्षा चालवतात. पण आपले मूल चांगल्या शाळेत शिकावे, ही आस त्यांनी कधी सोडली नाही. ती आस बाबासाहेबांनीच आम्हाला लावली. म्हणून खासगी विनाअनुदानित माध्यमिक शाळेत आमच्या मुलामुलींचा दिवस कसा जातो, याचा विचार आई-वडिलांनी करायला हवा.

हा दरवाजा उघडला कसा?

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावे, असे त्यात आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला लागतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून वगळलेल्या आहेत.

हा दरवाजा बंद करण्याचाही प्रयत्न झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलै 2024 मध्ये तो बदल रद्दच केला. हक्क कागदावर असला तरी राखावा लागतो, हे त्यातून दिसले.

शाळेतला दिवस

सकाळी नळाला पाणी यायच्या आधी मूल उठते. इस्त्रीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट, टाय, ओळखपत्र. एकही वस्तू राहिली तर डायरीत शेरा येतो. मग प्रार्थना, आठ तास, मध्ये डब्याची सुट्टी. महिन्या-दोन महिन्यांनी चाचणी, आठवड्याला कसला तरी प्रकल्प. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक, मैदान हे सारे तिथे असते आणि आमच्या मुलांना त्याचा लाभ होतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. चारचौघांत उभे राहून इंग्रजीत बोलणारी आमची मुलगी पाहिली की ऊर भरून येतो.

पण त्याच शाळेत दुसरेही धडे मिळतात. सुट्टीनंतर कोण कुठे फिरून आले, याच्या गप्पा चालतात. वाढदिवसाला वर्गभर महागडी चॉकलेटे वाटली जातात. सहलीचे पैसे दोन दिवसांत मागितले जातात. डब्यात काय आणले याची चौकशी होते. काही शाळांत तर मांसाहारी डब्याला बंदीच असते. आडनाव विचारले जाते आणि आडनावावरून पुढचा प्रश्न येतो. ‘तुमचे काय, फुकटात’ असे एखादा मित्र सहज बोलून जातो. मूल ते घरी सांगत नाही, मनात ठेवते. पुढे आई-बाबांना शाळेत येऊ नका म्हणते. ही लाज मुलाची नाही, ती त्याच्यावर लादलेली असते. अशा वेळी रागावू नये, जवळ घेऊन बोलते करावे.

बाबासाहेबांच्या शाळकरी वयाकडे पाहावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात ते फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. ती सरकारी शाळा होती, तरी ही गत. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. संध्याकाळी ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत परत येत. त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवत. 1907 साली ते मॅट्रिक झाले, त्यामागे त्या बापाचे जागरणही आहे.

अभ्यासाची जागा

वसतिगृहातल्या मुलाला अभ्यासाची वेळ आणि जागा संस्था देते. दिवसाच्या शाळेतले मूल मात्र रोज संध्याकाळी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत येते. टीव्ही, पाहुणे, शेजारचे भांडण यांत त्याला प्रकल्प करायचा असतो. तिथे रामजीबाबांचा धडा उपयोगी पडतो. संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद ठेवायला पैसे लागत नाहीत. आणि वस्तीत बुद्धविहार असेल तर वंदनेनंतर तिथे दिवा आणि सतरंजी ठेवून अभ्यासिका चालवता येते. कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांनी आळीपाळीने इंग्रजी आणि गणित पाहिले, तर शिकवणीचा खर्चही वाचेल.

आठवीनंतर काय?

खरी कसोटी पुढेच आहे. मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे. नववीला पाऊल ठेवले की पूर्ण फीचे पत्र हातात पडते. ते पत्र अचानक आले म्हणून घर हादरू नये, यासाठी तयारी सातवीपासून करावी.

नववी-दहावीत फी किती, हप्ते किती आणि सवलत मिळेल का, हे शाळेला लेखी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2012 पासून आहे, मुलींसाठी राज्याची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. या रकमा मोठ्या शाळेच्या फीपुढे तोकड्या आहेत, तरी वह्या-पुस्तके सुटतात. फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, असा राज्याचा 2011 चा कायदा सांगतो. म्हणून सभेला जावे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारावे.

आणि एवढे करूनही फी झेपत नसेल, तर सावकाराच्या दारी जाऊ नये. जवळच्या चांगल्या अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत मूल घालण्यात कमीपणा नाही. मात्र शाळा बदलायची की नाही, हे मुलाला शेजारी बसवून ठरवावे. पंधरा वर्षांच्या मुलीला घरची परिस्थिती कळते. तिला विचारले नाही, तर कुणी न सांगताच ती स्वतः शाळा सोडायला निघते. आमच्या घरांत असे पुष्कळदा घडले आहे. यापुढे घडू द्यायचे नाही.

जयभीम!