विश्लेषण : मुख्य न्यायमूर्ती छागला राजदूत झाले, तेव्हा वाद का झाला?

निवृत्त न्यायमूर्तींना एखादे सरकारी पद मिळाले, की समाजमाध्यमांवर ठरलेली चर्चा सुरू होते. हा वाद मात्र आजचा नाही. १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला पद सोडून भारताचे अमेरिकेतील राजदूत झाले, तेव्हाही तो झाला होता. नेमके काय घडले होते?

छागला कोण होते?

३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत जन्म. शिक्षण सेंट झेवियर्स आणि ऑक्सफर्डमध्ये. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले आणि बॅ. जिना यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी करू लागले. हेच जिना १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बाजूने उच्च न्यायालयात लढून जिंकले होते. पुढे १९२८ च्या नेहरू अहवालावरून गुरू-शिष्यांचे फाटले. छागला १९४१ मध्ये न्यायमूर्ती आणि १९४७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले. १९०८ मध्ये टिळकांना जिथे शिक्षा सुनावली गेली, तिथेच १९५६ मध्ये टिळकांचे उद्गार कोरलेल्या शिलेचे अनावरण त्यांनी केले.

सरकारशी त्यांचे संबंध कसे होते?

इथेच खरी गुंतागुंत आहे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधी यांनी संसदेत हे प्रकरण लावून धरल्यावर छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईत जाहीर सुनावणी झाली. गर्दी इतकी, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. महिन्याभरात अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे सरकारची मर्जी सांभाळल्याचे बक्षीस मिळाले, असे छागलांबाबत म्हणणे अवघडच.

मग आक्षेप कशावर होता?

त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी राजदूतपद देऊ केले आणि छागलांनी ते स्वीकारले. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे निवृत्तीचे वय तेव्हा ६० होते, म्हणजे जवळपास दोन वर्षे बाकी होती. अडचण अशी, की एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १९५८ च्या १४ व्या अहवालात न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, असे मत मांडले होते. आणि छागला त्याच आयोगाचे सदस्य होते! सेटलवाड यांनी पुढे आत्मचरित्रात याबद्दल त्यांच्यावर कडक शब्दांत टीका केली.

राजदूत म्हणून काय केले?

१९५८ ते १९६१ हा काळ परकीय चलनाच्या चणचणीचा आणि धान्यटंचाईचा. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर भारतात आले. मे १९६० मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘पीएल-४८०’ कायद्याखाली चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य देण्याचा करार झाला. भारताकडून सही मुंबईचेच स. का. पाटील यांची, ते तेव्हा अन्नमंत्री होते. पैसे डॉलरऐवजी रुपयांत द्यायचे होते, ही त्यातली मोठी सोय.

याच काळात छागला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही बसत. दमणहून दादरा-नगर हवेलीत जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारतावर दावा केला होता. अशा दाव्यात पक्षकार देशाला आपला एक तात्पुरता न्यायाधीश पीठावर नेमता येतो. भारताने छागलांना नेमले होते. एप्रिल १९६० च्या निकालात सैन्य, पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाकारला गेला, १९५४ मध्ये वाट अडवण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले. सरकारचा राजदूत आणि न्यायाधीश एकाच वेळी एकच माणूस, हे आज पचायला जडच जाईल.

पुढे काय झाले?

लंडनमध्ये उच्चायुक्त, मग केंद्रात शिक्षणमंत्री आणि नंतर परराष्ट्रमंत्री. १९६७ मध्ये विद्यापीठांतील शिक्षणाच्या माध्यमावरून मतभेद झाल्याने त्यांनी मंत्रिपद सोडले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधी सरकारवर उघड टीका केली. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा मुंबई उच्च न्यायालयात आहे. न्यायमूर्तींनी पद सोडल्यावर सरकारी नेमणुकीआधी किती काळ थांबावे, याचा सरसकट नियम मात्र अजूनही नाही.