डोळ्यांनी पाहा, शब्दांनी दाखवा



पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्यामध्ये कान्हे नावाचे एक लहान स्टेशन आहे. समजा, ईदच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या दादीबरोबर या स्टेशनवर उतरलात. फलाटावर गर्दी आहे. क्षणभर हात सुटला आणि दादी दिसेनाशी झाली. तुम्ही धावत स्टेशनमास्तरांकडे गेलात. त्यांनी विचारले, "त्या दिसायला कशा आहेत?" तुम्ही उत्तर दिले, "माझी दादी फार चांगली आहे. ती माझे खूप लाड करते."

तुम्ही सांगितले ते खरेच आहे. पण एवढ्यावरून दादी सापडेल का? चांगल्या दाद्या तर फलाटावर पुष्कळ असतील!

आता दुसरे उत्तर पाहा. "माझी दादी ठेंगणी आहे. अंगाने बारीक आहे. तिचे वय सत्तरच्या आसपास आहे. तिने हिरवा सलवार-कमीज घातला आहे आणि डोक्यावर पांढरी ओढणी घेतली आहे. तिच्या डाव्या हातात निळी कापडी पिशवी आहे. चालताना ती उजवा पाय थोडा ओढते." हे ऐकून ज्याने दादीला कधीच पाहिले नाही, असा माणूसही तिला ओळखील.

या दुसऱ्या उत्तराला वर्णन म्हणतात. आपण पाहिलेले माणूस, ठिकाण किंवा वस्तू, ज्याने ती पाहिली नाही त्याच्या डोळ्यांसमोर उभी करणे म्हणजे वर्णन करणे होय. परीक्षेत वर्णनाला गुण मिळतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु दवाखान्यात, पोस्टात, बसस्थानकावर, पोलीस चौकीत, जेथे जेथे मराठी बोलावी लागते तेथे तेथे वर्णनाची गरज पडते. म्हणून ते कसे करावे, हे आज आपण समजून घेऊ.

माणसाचे वर्णन

माणसाचे वर्णन करताना दुरून जवळ यावे. दुरून आधी काय दिसते? उंची, बांधा आणि कपडे. जवळ आल्यावर चेहरा, केस, चष्मा, दाढी दिसते. आणखी थोडा वेळ पाहिले की चालण्याची, बोलण्याची, हसण्याची लकब ध्यानात येते. याच क्रमाने लिहिले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

यातही लकब फार महत्त्वाची आहे. हिरवे कपडे घातलेल्या चार बायका असू शकतात. पण उजवा पाय ओढत चालणारी एखादीच असते. 'प्रेमळ', 'हुशार', 'कष्टाळू' हे शब्द चांगले आहेत, पण ते एकटे सोडू नयेत. 'आजोबा प्रेमळ आहेत' एवढेच लिहून थांबू नका. 'आजोबा बाजारातून आले की आधी खिशातून आमच्यासाठी शेंगदाण्यांची पुडी काढतात,' असे लिहा. मग 'प्रेमळ' हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही.

येथे भाषेतील एक गोष्ट ध्यानात ठेवा. उर्दूत आपण 'दादी कहती हैं' असे आदराने म्हणतो. मराठीत मात्र घरातील आईला आणि आजीला 'ती' म्हणतात: आई आली, आजी म्हणते. यात अनादर नाही, जवळीक आहे. वडील आणि आजोबा यांच्यासाठी मात्र 'ते' येते: वडील आले, आजोबा म्हणतात. परक्या वडीलधाऱ्या बाईंना 'त्या' म्हणावे. स्टेशनमास्तरांनी दादीला 'त्या' म्हटले आणि तुम्ही 'ती' म्हटले. दोघेही बरोबर होते.

आणखी एक. एखाद्याच्या अंगातील उणिवेवरून त्याला हिणवणे म्हणजे वर्णन नव्हे. दादी पाय ओढते, हे तिला शोधण्यासाठी सांगितले. तेच तिला चिडवण्यासाठी सांगितले असते तर ती निंदा झाली असती. शब्द तेच असले तरी हेतू बदलला की अर्थ बदलतो.

ठिकाणाचे वर्णन

आता ठिकाणाकडे वळू. कान्हे स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला टाकवे बुद्रुक या गावी जायचे आहे. त्याने हे गाव कधीच पाहिलेले नाही. त्याला काय सांगाल?

'टाकवे हे फार सुंदर गाव आहे. तेथे निसर्ग फार सुंदर आहे,' असे सांगितले तर पाहुणा स्टेशनवरच उभा राहील. त्याला असे सांगावे लागेल: "टाकवे बुद्रुक हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गाव आहे. कान्ह्याहून टाकव्याच्या रस्त्याला लागा. वाटेत इंद्रायणी नदीवरचा पूल लागेल. गाव नदीच्या पलीकडे आहे. तेथून पुढे डोंगरांकडे जाणारा भाग आंदर मावळ या नावाने ओळखला जातो."

या वर्णनात 'सुंदर' हा शब्द एकदाही आला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात नकाशा तयार झाला. असे का झाले? सांगणाऱ्याने आधी गाव कोठे आहे ते सांगितले, मग वाट सांगितली आणि वाटेवरची ठळक खूण म्हणून पूल सांगितला.

'अलीकडे' आणि 'पलीकडे' हे शब्द वापरताना मात्र सावध राहा. कान्हे स्टेशनवर उभे असलेल्या माणसाला टाकवे नदीच्या पलीकडे आहे; टाकव्यातील माणसाला कान्हे पलीकडे आहे. नदी तीच, पण पाहणाऱ्याची जागा बदलली. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यांचेही तसेच. म्हणून आपण कोठे उभे राहून पाहत आहोत, हे आधी सांगावे.

वाट सांगून झाली की गावाचे रूप सांगावे. मावळ हा सह्याद्रीच्या कुशीतील पावसाचा प्रदेश आहे. येथे भात हे मुख्य पीक आहे. इंद्रायणी नावाचा सुवासिक तांदूळ तुम्ही खाल्ला असेल. या जातीचा विकास वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात झाला आणि १९८७ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. पावसाळ्यात खाचरांतून पाणी साचते, चिखल होतो आणि लावणी सुरू होते. दिवाळीच्या सुमारास तीच खाचरे पिवळी दिसू लागतात. म्हणून ठिकाणाचे वर्णन करताना ऋतूही सांगावा. आषाढातील मावळ आणि वैशाखातील मावळ एकसारखा दिसत नाही. ठिकाणे काळाबरोबरही बदलतात. टाकव्याच्या परिसरात आता भातशेतीबरोबर कारखानेही आहेत. तेही वर्णनात आले पाहिजेत. डोळ्यांना जे दिसते ते लपवू नये.

आता या गावाच्या नावाकडे पाहा. 'बुद्रुक' हा शब्द परका वाटतो ना? तो मुळात तुमच्या ओळखीचा आहे. फारसीतील 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, वडीलधारा. हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळता रुळता 'बुद्रुक' झाला. 'खुर्द' म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे असली तर एकाला बुद्रुक आणि दुसऱ्याला खुर्द म्हणण्याची पद्धत पडली. मावळ तालुक्यात टाकवे खुर्दही आहे. महाराष्ट्रात अशा जोड्या ठिकठिकाणी आढळतात. म्हणजे गावाच्या पाटीवरच एक छोटेसे वर्णन लिहिलेले असते आणि ते वाचण्याची किल्ली तुमच्याजवळ घरापासूनच आहे. इमारत, दरवाजा, बाजार, मैदान, जमीन, हवा, रंग हे वर्णनाला लागणारे शब्दही उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. तेव्हा मराठीला भिण्याचे कारण नाही.

पण काही शब्द फसवतात. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'गावात जुनी तालीम आहे' म्हणजे कुस्तीचा आखाडा आहे. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे तळाच्या बाजूला. 'घर खाली आहे' असे म्हटले तर ऐकणारा समजेल, घर उताराला आहे! तेथे 'घर रिकामे आहे' असे म्हणावे. उर्दूत 'खून' म्हणजे रक्त. मराठीत खून म्हणजे माणसाची हत्या. गुडघा खरचटलेल्या मित्राबद्दल 'रस्त्यावर खून झाला' असे सांगितले तर सारे गाव धावत येईल.

वस्तूचे वर्णन

वस्तूचे वर्णन करताना पाच प्रश्न विचारावेत. ती कशाची केलेली आहे? आकार कसा आहे? रंग कोणता? केवढी आहे? तिचा उपयोग काय? यातील शेवटचा प्रश्न विसरू नका. कारण उपयोग कळला की आकाराचे कारण कळते.

मावळातील आणि कोकणातील एक जुनी वस्तू घेऊ. तिचे नाव इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणतात आणि त्यावर झाडाची रुंद पाने पसरून घट्ट बसवतात. इरल्याचा आकार उपड्या होडीसारखा असतो. ते डोक्यावर घेतले की डोके, पाठ आणि कंबर झाकली जाते. पाने ताजी असताना ते हिरवे दिसते, वाळल्यावर तपकिरी होते.

असा विचित्र आकार कशासाठी? भाताची लावणी करताना बायका-पुरुष दिवसभर भर पावसात वाकून उभे असतात. एका हातात रोपांची मूठ असते आणि दुसऱ्या हाताने रोप चिखलात रोवायचे असते. छत्री धरायला हात कोठून आणणार? इरले हातात धरावे लागत नाही आणि वाकलेल्या पाठीवर पाऊस पडू देत नाही. आता बहुतेक शेतांवर इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. उद्या एखाद्या मुलाला इरले पाहायला मिळाले नाही, तरी चांगले वर्णन वाचून त्याला ते ओळखता येईल.

वस्तूंचे वर्णन करताना उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना एक अडचण येते. उर्दूत लिंगे दोन आहेत, मराठीत तीन. मोठा वाडा, मोठी नदी, मोठे झाड. उर्दूतील पुष्कळ पुल्लिंगी शब्द मराठीत नपुंसकलिंगी होतात: घर, गाव, शेत, पाणी. म्हणून 'बड़ा घर' याचे मराठी 'मोठे घर' असे होते. 'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे, मराठीत मात्र 'मोठे दुकान' म्हणतात. नवीन शब्द शिकताना 'तो, ती, ते' यांपैकी एक शब्द त्याला जोडूनच पाठ करावा: तो पूल, ती नदी, ते इरले. उंच, लाल, रुंद, गोल, सुंदर या विशेषणांचे रूप मात्र बदलत नाही: उंच मुलगा, उंच भिंत, उंच झाड. एवढी तरी सोय आहे!

जाऊन पाहिल्याशिवाय वर्णन नाही

सर सय्यद अहमद खान यांचे नाव तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचले असेल. दिल्लीतील जुन्या इमारतींचे वर्णन करणारा त्यांचा 'आसारुस्सनादीद' हा ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला. कुतुबमिनारवरील काही लेख इतक्या उंचावर होते, की खालून ते वाचता येत नसत. तेव्हा दोन बल्ल्यांच्या मध्ये बांधलेल्या शिंक्यात बसून सर सय्यद वर चढले आणि त्यांनी ते लेख उतरवून घेतले. ही हकीकत मौलाना हाली यांनी 'हयाते जावेद' या चरित्रात सांगितली आहे. पुढे १८५७ च्या उठावानंतर दिल्लीतील अनेक इमारती इंग्रजांनी पाडून टाकल्या. पाडलेल्या इमारती परत उभ्या राहिल्या नाहीत. पण सर सय्यद यांनी ज्यांचे वर्णन करून ठेवले होते, त्या आजही वाचकांना पाहता येतात.

त्याच उठावाच्या धामधुमीत आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे गेले होते. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी मराठीत लिहिले. 'माझा प्रवास' या नावाने ते पुस्तक १९०७ साली छापले गेले. एकाने उर्दूत लिहिले, दुसऱ्याने मराठीत. पण दोघांनीही आधी पाहिले आणि मग लिहिले.

तुम्हांला कुतुबमिनारवर चढण्याची गरज नाही. तुमच्या गल्लीतील पाणपोई, मदरशाजवळचा जुना वड, शाळेची घंटा वाजवणारे शिपाईकाका, घरातील तांब्याचा बधना यांतील एक निवडा. पंधरा मिनिटे शांतपणे पाहा. जे दिसले ते क्रमाने दहा वाक्यांत मराठीत लिहा. 'सुंदर', 'छान', 'चांगला' हे शब्द वापरू नका. नंतर कशाचे वर्णन आहे हे न सांगता ते मित्राला वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने बरोबर ओळखले, तर समजा की तुम्हांला वर्णन करता येऊ लागले. त्याला ओळखता आले नाही, तर वही घेऊन पुन्हा एकदा पाहायला जा.