पाय ओढला की थट्टा केली?

संशोधनाच्या पहिल्या वर्षी एका परदेशी पाहुण्याला आम्ही आमचे निष्कर्ष दाखवले. आकडे पाहून तो उद्गारला, ‘यू आर पुलिंग माय लेग!’ पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, हा अर्थ आम्ही बदलापूरच्या शाळेपासून बाळगलेला. संध्याकाळी आम्ही त्याची चक्क माफी मागितली, तेव्हा उलगडा झाला. ‘थट्टा करता आहात ना?’ एवढेच त्याला म्हणायचे होते.

अनोळखी वाक्प्रचारापेक्षा अर्धवट ओळखीचा वाक्प्रचार अधिक फसवतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे बादलीवरून कोणालाच सुचत नाही. म्हणून विद्यार्थी निदान विचारतो तरी. सुझान इरुजो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हेनेझुएलातील १२ स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना ४५ इंग्रजी वाक्प्रचार दिले होते. त्यांतले १५ दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे, १५ थोडे वेगळे, १५ अगदी निराळे. सारखे सोपे गेले, निराळे अवघड. थोडे वेगळे असलेले मात्र वाचताना कळत, पण स्वतः वापरताना त्यांत मातृभाषेतले शब्द शिरत. बारा जणांची चाचणी लहानच म्हणायची. पण वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना खूण पटेल.

‘प्ले विथ फायर’ म्हणजे आगीशी खेळणे. येथे अडचण नाही. पण ‘आगीत तेल ओतणे’ घ्या. इंग्रजीत बहुधा तेलाऐवजी ‘फ्युएल’, म्हणजे इंधन येते. शिवाय ‘पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स’ याचा अर्थ नेमका उलट, भांडण शमवणे! यामागे खलाशांचा जुना अनुभव आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल टाकले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी संथ झाले. ही हकीकत १७७४ साली प्रसिद्ध झाली. चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर तेलाचा थर मिलिमीटरच्या सुमारे चार लाखांश भागाइतका भरतो. (हे गणित नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.) एवढा पातळ थरही बारीक लाटांची शक्ती शोषून घेतो. हे एकदा समजले, की वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी शाळांत अशा जोड्या मराठीवरून लावता येतात. उल्हासनगरात तेवढ्याने भागत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील एकाच बाकावर एकाच्या घरी सिंधी, दुसऱ्याच्या घरी मराठी असू शकते. मराठी मुलाला सोपा वाटणारा वाक्प्रचार शेजाऱ्याला अडवील, किंवा उलटही होईल. म्हणून छापील यादी देण्याआधी ‘तुमच्या घरी हे कसे म्हणतात?’ असे प्रत्येकाला विचारावे आणि फळ्यावर सारखे, थोडे वेगळे, निराळे असे तीन रकाने मुलांकडूनच भरून घ्यावेत. अधिक वेळ मधल्या रकान्याला द्यावा. ‘पुलिंग द लेग’ कोणत्या रकान्यात घालायचे, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.